मदत हवी आहे: एकाच नेटवर्कवर दोन वेगळ्या मालिकांतले आयपी पत्ते का मिळतात?

मुख्य राउटरचं वायफाय आतल्या खोलीपर्यंत पोचत नाही, म्हणून पडून असलेला जुना राउटर केबलने त्याला जोडला आहे, लॅन पोर्टातून लॅन पोर्टात. तेव्हापासून काही कॉम्प्युटरना १९२.१६८.१.२३ असा पत्ता मिळतो आणि सगळं सुरळीत चालतं. काहींना १९२.१६८.०.१०१ सारखा मिळतो, मग ना इंटरनेट, ना प्रिंटर. तोच लॅपटॉप बंद करून चालू केला की कधी या मालिकेत, कधी त्या! पत्ते नक्की वाटतं कोण? की प्रत्येक कॉम्प्युटरला हातानेच पत्ता देऊन मोकळं व्हावं?

प्रतिसाद १:
जुन्या राउटरचं डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटणारी सोय, चालू राहिलेलं दिसतंय.

नव्याने जोडलेल्या कॉम्प्युटरला नेटवर्कवर कोण कुठे आहे हे ठाऊक नसतं, म्हणून तो सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो. डीएचसीपी सर्व्हर एक पत्ता देऊ करतो, कॉम्प्युटर तो मागून घेतो, सर्व्हर पक्का करतो. सोबत गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे जायची वाट) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) हेही येतात. तुमच्याकडे हाकेला ओ देणारे दोघं आहेत आणि बहुधा ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता घेतला जातो. जुना राउटर गेटवे म्हणून स्वतःचंच नाव सांगतो, पण त्याचा वॅन पोर्ट (इंटरनेटची केबल लागते तो) रिकामा. इंटरनेट येणार कुठून?

जुना राउटर नेटवर्कपासून सोडवा आणि एका कॉम्प्युटरला थेट जोडा. आधी त्या राउटरला १९२.१६८.१ मालिकेतला, पण मुख्य राउटरच्या वाटपाच्या रेंजबाहेरचा मोकळा पत्ता द्या, मगच डीएचसीपी बंद करा. क्रम उलटा केलात तर त्याच्या सेटिंगचं पान उघडताना नाकी नऊ येतील.

धागाकर्ता:
झालं, सगळे एका मालिकेत आले! आता प्रिंटरचा पत्ता बदलू नये म्हणून काय करू? आणि मध्येच एकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तो कुणी दिला?

प्रतिसाद २:
तो कुणीच दिलेला नाही. हाकेला उत्तर आलं नाही की कॉम्प्युटर स्वतःच तसा पत्ता घेतो. केबल किंवा वायफाय तपासा.

प्रिंटरसाठी मुख्य राउटरमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन शोधा आणि प्रिंटरचा मॅक पत्ता (नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचा हार्डवेअर क्रमांक) तिथे नोंदवा, म्हणजे त्याला नेहमी तोच आयपी पत्ता मिळेल. एरवी पत्ता ठरावीक मुदतीच्या लीजवर असतो. साधारण निम्मी मुदत सरली की यंत्र ती वाढवून मागतं, पण बराच काळ बंद राहिलं तर पत्ता दुसऱ्याला जाऊ शकतो. हाताने पत्ते देत बसू नका, एखादा दोघांना दिला गेला की शोधता शोधता दमाल. फोनसाठी रिझर्व्हेशन करणार असाल तर फोनचा मॅक पत्ता बदलत ठेवणारी सेटिंग त्या वायफायपुरती बंद ठेवा.