मदत हवी आहे: पूलच्या काठाच्या लाद्या सुटल्यात, डेकचा कोबा आधी घालावा की नंतर?

नमस्कार मंडळी,

वाईजवळ, पसरणी घाटाच्या पायथ्याला आमचं छोटं फार्महाऊस आहे. शनिवार-रविवार भाड्याने देतो. तिथल्या स्विमिंग पूलच्या काठाला, म्हणजे कोपिंगला, कडप्पा आहे (आधीच्या मालकांची हौस, मे महिन्यात त्यावर पाय ठेववत नाही). भोवतीच्या डेकला शहाबादी फरशी आहे. ती जागोजाग उचललीय, म्हणून डेक नव्याने करायचाय.

पण कोपिंगच्याच लाद्या डुगडुगतात. हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं, तर डेकच्या बाजूच्या बऱ्याच लाद्या बद्द वाजतात, लॉनच्या बाजूच्या मात्र खणखणीत. एक लादी तर हातानेच निघाली. माल सगळा खाली बीमवर (पूलच्या भिंतीच्या माथ्यावरची काँक्रीटची पट्टी) राहिला होता, लादीची पाठ कोरी करकरीत, आणि मधल्या फटीत मुंग्यांनी माती आणून ठेवलेली.

ठेकेदार म्हणतो, "शहाबादीवरच दोन इंच कोबा ओढू, कोपिंगला भिडवून टाकू, मग लादी हलतेय कशाला!" मला पटत नाहीये, पण कारण सांगता येत नाही. शिवाय त्याला पूल पूर्ण रिकामा करून हवाय. आमची जमीन काळी आहे आणि पाऊस नुकताच सरलाय, विहीर अजून काठोकाठ आहे. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

दादा, लॉनची बाजू शाबूत आहे यातच उत्तर आलं. डेक उन्हात तापून फुगतो, खालची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मध्ये मोकळा सांधा नसेल तर हा सगळा रेटा कोपिंगवर येतो. ठेकेदार तोच रेटा पक्का करून देतोय. आणि शहाबादीवर दोन इंच चढवले तर डेक कोपिंगच्या वर जाईल, पावसाचं गढूळ पाणी थेट पूलमध्ये. आधी शहाबादी काढा.

कोपिंग पहिलं. बद्द वाजणाऱ्या सगळ्या लाद्या काढा, जुना माल बीमपर्यंत छिन्नीने सोलून काढा. बीमला आडवी भेग दिसली तर तिथेच थांबा, ती दुरुस्त झाल्याशिवाय लादी बसवू नका. लादीच्या पाठीला ग्राइंडरने टाचे मारून धुऊन घ्या. गुळगुळीत पाठीला माल धरत नाही, तुमची लादी त्यामुळेच कोरी निघाली. बीम ओला हवा, पण वर पाणी साचलेलं नको. माल पॉलिमर घातलेला, आणि लादीखाली सलग. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवणारा गवंडी असेल तर समोर उभे राहा.

मग कोबा. कोपिंग आणि कोब्यामध्ये कोब्याच्या पूर्ण जाडीइतकी खोल, १० ते १२ मिमी रुंद फट ठेवा. ओतताना थर्माकोलची पट्टी उभी करायची. कोबा वाळल्यावर ती खरवडून काढा, फोमची दोरी दाबा, वर पॉलिसल्फाइड सीलंट भरा. त्या फटीत सिमेंट अजिबात जाऊ देऊ नका. ढाळ पूलपासून बाहेर, साधारण ५० ला १.

पूल रिकामा मात्र करू नका. जमिनीतलं पाणी वर असताना रिकामी टाकी खालून उचलली जाते, तडकते. काठापासून फूटभर पाणी उतरवलं तरी काम होतं.

धागाकर्ता

आभारी आहे! शहाबादी काढायचं म्हटल्यावर ठेकेदाराचा भाव वाढणार, ते बघतो. हे सीलंट साताऱ्यात मिळेल का?

प्रतिसाद १

वॉटरप्रूफिंगचं सामान ठेवणाऱ्या दुकानात विचारा. "पॉलिसल्फाइड, दोन डब्यांचं, कायम पाण्यात चालणारं" असं स्पष्ट सांगा, नाहीतर बाथरूमच्या सिलिकॉनची नळी हातात देतील.