रंगभवन आणि त्यानंतर: मुंबईच्या रॉक-पंक गिग्जचे जुने फोटो पुन्हा पाहताना (अनुभव धागा)

मुंबईत रॉक, मेटल, पंक (साधा, वेगवान, बंडखोर रॉक) आणि हार्डकोर (पंकचेच अधिक आक्रमक रूप) वाजवणाऱ्या बँडची एक मोठी दुनिया गेल्या चाळीस वर्षांत उभी राहिली, पण तिच्याविषयी मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे. फरहाद वाडिया यांनी १९८६ साली सुरू केलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव, धोबी तलावाचे उघड्या आकाशाखालचे रंगभवन, जुहूचे ‘रॅझबेरी ऱ्हायनोसेरस’, पुढच्या काळातले लोअर परळचे ‘ब्ल्यू फ्रॉग’ आणि अंधेरीचे ‘बी६९’ ही त्या दुनियेची ओळखीची नावे होती. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला, आणि सेंट झेवियर्स महाविद्यालय व कामा रुग्णालय यांच्या शेजारी असलेल्या रंगभवनातले ध्वनिवर्धक बंद पडले. बाकीच्या जागाही एकेक करून गेल्या. आता त्या संध्याकाळींचा पुरावा म्हणून आपल्या कपाटांतले फोटो तेवढे राहिले आहेत.

निव्वळ पंक म्हणावेत असे बँड आपल्याकडे मोजकेच झाले. तरीही स्वतःच पोस्टर झेरॉक्स करून चिकटवायचे, स्वतःच पैसे काढून डेमो कॅसेट काढायची आणि गिग, म्हणजे बँडचा जाहीर कार्यक्रम, संपल्यावर ती हातोहात विकायची, हा पंकचा बाणा जवळजवळ सर्वांच्याच अंगी होता, म्हणून या धाग्यात शैलीची भिंत घालू नये असे मला वाटते. आपल्याकडचे फोटो पुन्हा काढून पाहा आणि तेव्हा न दिसलेले आता काय दिसते ते लिहा. बँडचे फोटो बऱ्याच जणांकडे असतील. माझी खरी उत्सुकता आहे ती कडेला उभ्या असलेल्या माणसांविषयी. आलेले अनुभव खाली लिहिणाऱ्यांच्या ठिकाणाच्या नावाने दिले आहेत.

गिरगाव

आमच्या घरी यशिका एमएफ-२ होता आणि एका रोलमध्ये ३६ फोटो निघत. सगळा रोल गिगवर घालवण्याची ऐपत नसल्यामुळे पाच-सहा फोटो काढून मी कॅमेरा परत कपाटात ठेवत असे. इंडिपेंडन्स रॉक ऑगस्टमध्ये असायचा, त्यामुळे उरलेला रोल घरच्या गणपतीत संपायचा आणि मगच धुवायला जायचा. प्रिंट आल्यावर वाटणी होई: गौरी-गणपतीचे फोटो आईच्या अल्बममध्ये आणि रंगभवनाचे माझ्या वहीत. गेल्या वर्षी निगेटिव्हच्या पट्ट्या उजेडासमोर धरल्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आले की एकाच पट्टीवर मंचाचे दोन फोटो, मग बाहेर फुटपाथवर भिजत उभे असलेले मित्र आणि लगेच पुढच्या चौकटीत मखरात बसलेला गणपती असा क्रम आहे.

या क्रमानेच माझा एक मोठा प्रश्न सोडवला. रंगभवनाच्या फोटोंवर साल कुठेच नव्हते, मंचामागच्या कापडावरही ते दिसत नव्हते. आईला मात्र प्रत्येक वर्षीचे मखर कोणी केले, थर्माकोलचे होते की कापडाचे, हे पक्के आठवते. पट्टीवरचे मखर पाहून तिने क्षणात १९८९ सांगितले, आणि त्याच रोलवरचे सगळे फोटो आपोआप त्या वर्षाचे ठरले. म्हणून सर्वांना कळकळीने सांगतो की प्रिंट एकवेळ हरवले तरी चालतील, पण निगेटिव्ह कापून सुटे करू नका. कडेवर छापलेले चौकटींचे आकडे आणि शेजारचे घरगुती फोटो हेच त्या संध्याकाळीचे पंचांग आहे.

दुसरे निरीक्षण उजेडाचे आहे. त्या कॅमेऱ्याचा फ्लॅश चार-पाच मीटरच्या पुढे पोचत नसे. मी नेम धरला होता तो ‘रॉक मशीन’वर, म्हणजे १९९३ पासून ‘इंडस क्रीड’ नावाने वाजवणाऱ्या बँडवर, पण मंच काळाकुट्ट आला आणि माझ्या पुढच्या दोन रांगांतली डोकी, उंचावलेले हात, घामाने पाठीला चिकटलेले शर्ट लख्ख आले. पावसाच्या सरीत काढलेल्या एका फोटोत तर थेंबांवर फ्लॅश पडून सगळीकडे पांढरे ठिपके उमटले आहेत. त्या वेळी हे सगळे फोटो मी वाया गेलेले समजलो होतो. आज बँडचे चांगले फोटो मासिकांतून आणि इतरांकडून सहज मिळतात, पण त्या दोन रांगा दुसऱ्या कोणाकडेच नाहीत.

लालबाग

धाग्याच्या सुरुवातीला कडेच्या माणसांचा उल्लेख आला म्हणून लिहिते आहे. माझे वडील साउंडच्या कामावर होते. गणेशोत्सव, लग्नाचे हॉल, राजकीय सभा आणि रॉकचे कार्यक्रम ही सगळी कामे त्यांच्यासाठी सारखीच होती. टेम्पोतून स्पीकर उतरवायचे, वायरी टाकायच्या, रात्री उशिरा पुन्हा गुंडाळायच्या. त्यांच्या पिढीतल्या अशा कामगारांचे स्वतःचे फोटो जवळजवळ नसतातच. आमच्याकडे त्यांचा लग्नातला फोटो होता आणि त्यानंतर थेट पासपोर्ट आकाराचा.

एका परिचितांनी नव्वदीतल्या कार्यक्रमांचे फोटो स्कॅन करून मला दाखवले. त्यातल्या एकात गिटारवादक पुढे वाकलेला आहे, केस चेहऱ्यावर आले आहेत, आणि त्याच्या मागे, स्पीकरच्या भिंतीला टेकून, डाव्या खांद्यावर वायरीचे वेटोळे घेतलेला एक माणूस मंचावरच्या मॉनिटर स्पीकरकडे कान देऊन उभा आहे. त्या परिचितांना तो कोण हे माहीत असण्याचे कारण नव्हते. उजवा पाय किंचित बाहेर टाकून उभे राहण्याची ती ढब मी चाळीच्या जिन्यातून लांबूनही ओळखत असे. वडील तेव्हा पस्तिशीत असावेत. त्या वयाचे ते मला आठवतच नव्हते.

मी फोटो मोठा करून घेतला आणि त्यांना दाखवला. त्यांनी स्वतःकडे फारसे पाहिले नाही. मागच्या अँप्लिफायरवर बोट ठेवून तो कोणत्या गाळ्यातून भाड्याने आणला होता, कोणता स्पीकर घरघरायचा आणि पाऊस आला की प्लास्टिक कोणी कसे पांघरायचे, हे ते सविस्तर सांगत बसले. या संगीताचा इतिहास कधी लिहिला गेला तर त्यात या माणसांची नावे असावीत. प्रत्येक फोटोत मंचाच्या कोपऱ्यात असे कोणीतरी उभे आहे. त्यांच्या मुलांना ते फोटो दाखवायला हवेत, कारण ओळख पटवू शकणारे आता तेवढेच आहेत.

पुणे

माझ्याकडे गिगचा एकही फोटो नाही. आम्ही चौघे पुण्याहून सकाळच्या गाडीने येत असू आणि रात्री परतीची गाडी मिळेपर्यंत व्हीटीच्या बाकड्यांवर बसून राहत असू. कॅमेरा गर्दीत फुटेल या भीतीने पिशवीतच राही आणि स्टेशनवर बाहेर निघे. त्यामुळे माझ्या संग्रहात आहेत ती फलाटावर झोपलेली, कान बधिर झालेली चार मुले आणि त्यांच्या छातीवर घरी फॅब्रिक पेंटने रंगवलेली बँडची नावे. बाजारात तसे टी-शर्ट सहज मिळत नव्हते, म्हणून कॅसेटच्या कव्हरवरून अक्षरे कार्बन पेपरने उतरवून घेत होतो. एका टी-शर्टवर तर शेवटचे अक्षर मावले नाही म्हणून ते बाहीवर गेले आहे.

डोंबिवली

मी पुढच्या पिढीतला आहे. ‘भयानक मौत’ आणि ‘स्क्राइब’ हे मुंबईचे बँड नावारूपाला येत होते त्या काळात मी डिजिटल कॅमेरा घेतला, आणि २०१०च्या सुमारास ‘द लाइटइयर्स एक्सप्लोड’सारखा उघडउघड पंक वाजवणारा बँड ऐकायला मिळाला तेव्हा माझ्याकडे बऱ्यापैकी लेन्सही होती. छोट्या खोल्यांत गिग होत. मंच आणि प्रेक्षक यांत जेमतेम हातभर अंतर असे, गायक माइक घेऊन सरळ लोकांत उतरे आणि पुढची ओळ कोण म्हणेल हे ठरलेले नसे. लाल दिव्यात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १६०० वर ठेवून काढलेले ते फोटो दाणेदार आहेत, हात हललेले आहेत, पण त्यांतली धग मला आजही जाणवते.

आमच्या पिढीचे दुखणे वेगळे आहे. रोलला बुरशी लागते, रंग उडतात, चिकट पानांच्या अल्बममध्ये प्रिंट पिवळे पडतात, तरीही काहीतरी हाती लागते. आमचे फोटो एक तर जसेच्या तसे असतात किंवा मुळीच नसतात. मित्रांनी काढलेले शेकडो फोटो केवळ ऑर्कुट या समाजमाध्यमावर होते, आणि ती सेवा ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाली. बँडची गाणी आणि छायाचित्रे मायस्पेस या संकेतस्थळावर होती. २०१५ पर्यंत तिथे चढवलेला बराच मजकूर सर्व्हर बदलताना नष्ट झाल्याचे त्या कंपनीने २०१९ मध्ये कबूल केले. ज्या काळात सर्वांत जास्त फोटो काढले गेले, त्याच काळाचे सर्वांत कमी उरले आहेत. ज्यांच्या घरी त्या वर्षांत फोटो उतरवून ठेवलेल्या सीडी पडून असतील त्यांनी त्या आजच उघडून पाहाव्यात, अशी हात जोडून विनंती आहे.

उरलेले फोटो लावताना मी मंचाकडे पाठ करून काढलेले काही सापडले. गायकाने माइक गर्दीकडे वळवला आहे आणि त्याभोवती सहा-सात तोंडे एकाच शब्दावर उघडलेली आहेत. त्या सगळ्या मुलांचे चेहरे मला ठाऊक आहेत, नावे दोघांचीच. त्या शब्दाचा आकार ओठांवर इतका स्पष्ट आहे की गाणे कोणते होते हे मी सांगू शकतो.

सिल्व्हर स्प्रिंग, मेरीलँड

नव्वदीत नोकरीनिमित्त वॉशिंग्टनच्या परिसरात आलो आणि शेजारच्या मुलांमुळे फोर्ट रीनो बागेतल्या उन्हाळी मोफत कार्यक्रमांना जाऊ लागलो. हे शहर अमेरिकी हार्डकोर पंकचे एक माहेरघर. इयन मकाय आणि जेफ नेल्सन या पंक संगीतकारांच्या पुढाकाराने ‘डिस्कॉर्ड’ ही ध्वनिमुद्रण संस्था इथेच १९८० साली सुरू झाली. तिथल्या जुन्या फोटोंत कोवळ्या मुलांच्या हातांच्या पाठीवर काळ्या शाईची मोठी फुली दिसते. मद्य मिळणाऱ्या जागेत अल्पवयीनांना आत सोडायचे, पण त्यांना मद्य द्यायचे नाही, म्हणून दारावर ती खूण करत असत. पुढे व्यसनांपासून स्वेच्छेने दूर राहणाऱ्या तरुणांनी तीच फुली अभिमानाने मिरवली. फोटोतली एवढीशी खूण एका संपूर्ण पिढीची दारे कशी उघडली ते सांगते.

इथल्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१४ मध्ये शहराच्या पंक संगीताचा स्वतंत्र संग्रह सुरू केला आणि लोकांकडून फोटो, हस्तपत्रके, हाताने केलेली नियतकालिके आणि ध्वनिमुद्रणे गोळा केली. मला त्यात महत्त्वाचे वाटले ते हे की पुढाकार सरकारी पैशावर चालणाऱ्या, कोणालाही मोफत आत येऊ देणाऱ्या ग्रंथालयाने घेतला. मुंबईत आणि ठाण्यात शंभरी ओलांडलेली मराठी ग्रंथालये आहेत. गिरगावचे निगेटिव्ह आणि लालबागचा तो फोटो तिथे का ठेवला जाऊ नये?

ठाणे

माझा अनुभव थोडा वेगळा आहे आणि तो इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. २००४ ते २००८ या काळात मी नियमित गिगला जात असे आणि घरी क्लास असल्याचे सांगत असे. गर्दीत मुली थोड्या होत्या. आम्ही एकमेकींना शोधून एका बाजूला उभ्या राहत असू, पिट, म्हणजे मंचासमोर धक्काबुक्की करत नाचणारी गर्दी, उसळला की हात धरून मागे सरकत असू. ते माझ्या तारुण्यातले सर्वांत मोकळे तास होते. मग कोणीतरी माझा फोटो न विचारता ऑर्कुटवर टाकला, तो नात्यातल्या एकाने घरी दाखवला, आणि पुढचे वर्षभर माझे बाहेर जाणे बंद झाले.

आज तो फोटो मला परत हवा आहे. मूळ प्रत कोणाकडे असेल तर ती मिळावी म्हणून मी किती जणांना विचारले आहे. त्यात मी डोळे मिटून, मान मागे टाकून हसते आहे, आणि मला त्या मुलीचा अभिमान वाटतो. पण हे मी माझ्यापुरते म्हणते आहे. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीच्या घरच्यांना अजूनही काही माहीत नाही, आणि तिला ते तसेच राहायला हवे आहे. गर्दीचे फोटो बाहेर काढताना ती गर्दी आपल्याला विचारले जावे अशी अपेक्षा करू शकते, एवढे लक्षात असू द्यावे.

धागा सुरू करणाऱ्याकडून

ठाण्याहून आलेले म्हणणे मला पूर्णपणे पटते. यापुढे इथे लावल्या जाणाऱ्या फोटोंत पुढे उभ्या असलेल्यांपैकी ज्यांना शोधता येईल त्यांना आधी विचारावे, आणि ज्यांचा नकार आहे किंवा ज्यांचा पत्ता लागत नाही अशांचे जवळून दिसणारे चेहरे झाकावेत. मूळ स्कॅन मात्र न झाकता आपल्याकडे जपून ठेवावेत. ३५ मिमीच्या निगेटिव्हसाठी २४०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) पुरेसे आहे. त्यातून साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेलची प्रतिमा मिळते आणि मंचाच्या कोपऱ्यातला चेहराही ओळखता येतो. फोटोसोबत ठिकाण, अंदाजे वर्ष, फोटो कोणी काढला आणि कोणकोण ओळखू आले हे लिहावे. डोंबिवलीच्या त्या माइकभोवतीच्या फोटोतली मुले कोण, हे सांगू शकणारे कोणी इथे असतील तर त्यांनी त्या मुलांची परवानगी घेऊन डोंबिवलीकरांना कळवावे.