शांत सकाळ कुणाच्या जिवावर?

पिंपभर (धागाकर्ती)

परवा इथे 'सकाळचा पहिला तास फक्त स्वतःचा' हा लेख आला. पाचला उठायचं, फोनला हात लावायचा नाही, कोमट पाणी, वीस मिनिटं ध्यान, मग वहीत मनातलं लिहायचं आणि शेवटी खिडकीशी बसून चहा, घोट घोट, दुसरं काहीही न करता. खाली सगळे 'छान', 'उद्यापासून सुरू'. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

आमच्याकडे नळाला पाणी पावणेपाचला येतं. आधी नळ फुसफुसतो, हवा सुटते, मग गढूळ धार येते. ती मिनिटभर जाऊ द्यायची आणि मग हंडा, पिंप, दोन बादल्या. साडेपाचला धार करंगळीएवढी होते. तोवर एका शेगडीवर कुकर, दुसरीवर चहा. सासऱ्यांची गोळी सहाला, मुलाची व्हॅन सहा चाळीसला, माझी लोकल सव्वासातला. पाचला मी उठलेलीच असते. माझी आईही उठायची.

लेखात चहा आहे, पण तो कुणी टाकला ते नाही. सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी 289 मिनिटं निघाली, पुरुषांची 88. घरात एकजण डोळे मिटून बसतो तेव्हा कुकर दुसऱ्या कुणीतरी लावलेला असतो. तो कुणी लावायचा ते आधी ठरवा, मग ध्यानाचं बोला.

चौथा मजला

शब्दाशब्दाला अनुमोदन. त्यात आमच्यासमोर साडेपाचला लाऊडस्पीकर सुरू होतो. रात्री 10 ते सकाळी 6 बंदी आहे, 2000 सालचे नियम आहेत. तक्रार केली की आठवडाभर बंद, मग पुन्हा चालू. कसलं ध्यान आणि कसलं काय!

मौनी

तो लेख माझा. पिंपभरताई, तुम्ही मला न विचारताच माझ्या घरात बाई उभी केलीत.

आमच्या घरात मी आणि आई. आईला चार वर्षांपासून विस्मरणाचा आजार. ती सहाच्या सुमारास उठते आणि उठल्यापासून दर दहा मिनिटांनी विचारते, "बाबा आले का?" बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. तिचं अंग पुसणं, पेज, कपडे, सगळं मी करतो. चहाही मीच टाकतो आणि भांडंही मीच घासतो. पहिल्या वर्षी मी तिच्यावर ओरडायचो. एकदा तिचा हात जोरात ओढला, मनगटावर माझी बोटं उमटली. त्यानंतर मी इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला जाऊन आलो. तिथे चारला घंटा होते, साडेचारला बसायचं. तेव्हापासून घरीही पाचला बसतो. तो तास मिळाला नाही तर त्या दिवशी माझा आवाज चढतो, आणि तो आईवर चढतो. हे मी लेखात लिहिलं नाही, कारण ते मिरवण्यासारखं नव्हतं.

जुनी बाराखडी

पाच हा आकडा आला कुठून? ब्राह्ममुहूर्त म्हणजे सूर्योदयाआधी 96 ते 48 मिनिटं. मुंबईत जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणजे तेव्हा तो पाच चाळीसला लागतो. जूनच्या सुरुवातीला साडेचारच्याही आधी. आणि वाग्भटाने 'अष्टांगहृदय' या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात हे उठणं सांगितलंय ते 'स्वस्थ', म्हणजे निरोगी माणसाला. रात्री बाराला आडवं होणाऱ्याला पाचला उठवणं यात आयुर्वेद कुठे बसतो?

पाटीपुस्तक

मला व्हॅनबद्दल बोलायचंय. सहा चाळीस? फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने सांगितलंय की चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवायचे नाहीत. त्याआधी राज्यपालांनीच मुलांच्या झोपेचा विषय काढला होता. पालक गप्प बसतात म्हणून शाळा ऐकत नाहीत. तुमच्यासारख्यांनी मुख्याध्यापकांना जाब विचारायला हवा.

पिंपभर

मुलगा सहावीत आहे.

दोन पाळ्या

पाटीपुस्तक, मी बावीस वर्षं शिकवतेय. 'शाळा ऐकत नाहीत' हे वाक्य फार स्वस्त आहे. आमची इमारत एक, वर्ग अकरा, पाळ्या दोन. लहानांना नऊनंतर बोलवायचं तर मोठ्यांना कुठे बसवू? आमच्याकडे काय झालं सांगते. प्राथमिक दुपारी ढकललं आणि पाचवी ते दहावी सकाळी आली. सहा पन्नासला प्रार्थना. खरं तर किशोरवयातच झोपेचं घड्याळ उशिराकडे सरकतं, त्या मुलांना लवकर झोप येतच नाही. पहिल्या तासाला नववीच्या वर्गात निम्मी मुलं बाकावर डोकं टेकवतात. मी उठवत नाही.

पाटीपुस्तक

उठवत नाही हे अभिमानाने सांगताय? फी कशाची भरतो आम्ही?

दोन पाळ्या

अनुदानित शाळा आहे. आणि अभिमानाने नाही, वाईट वाटून सांगतेय. तेरा वर्षांचं मूल साडेपाचला उठून उपाशीपोटी येतं, त्याला मी उभं करू? तुम्ही येऊन करा.

नाइट शिफ्ट

नऊच्या शाळेवर टाळ्या वाजवणाऱ्यांनी हेही सांगावं की आठला कामावर निघणाऱ्या आईबापांनी मूल कुणाकडे सोडायचं. मी पहाटे चारला घरी येतो, बायको साडेसातला बाहेर पडते. धाकटीची शाळा सातची होती तेव्हा ती तिला सोडून जायची. आता नऊपर्यंत मी जागा राहतो. डोळे चुरचुरतात, एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, मला कळलंच नाही. मुलीने येऊन सांगितलं, "बाबा, वास येतोय."

पाटीपुस्तक

हे वाचून पोटात गोळा आला. ही बाजू माझ्या डोक्यात नव्हती, मान्य. तरी लहान मुलांना झोपेतून ओढून काढू नये, यावरून मी हटणार नाही.

चौथा मजला

धागा सकाळच्या शांततेचा होता, शाळेचा नाही.

दोन पाळ्या

शाळेची वेळ हीच घराची सकाळ असते. वेगळा विषय कसा?

पिंपभर

मौनी, तुमचं दोनदा वाचलं. घरात बाई उभी केली हे माझं चुकलं. पण लेखात आई असती तर मी हा धागा काढलाच नसता. ज्याच्यावर घर पडलंय त्याने स्वतःसाठी तास काढणं आणि ज्याला घर दिसतच नाही त्याने काढणं, ही एक गोष्ट नाही. तुम्ही दोघांना एकच सल्ला दिलात, त्यावर माझा राग आहे आणि तो राहील.

मौनी

हे पटतंय. लेखात आईबद्दल दोन ओळी घालतो. पाचचा आग्रहही काढतो, बाराखडींचं बरोबर आहे. ध्यान मात्र काढणार नाही.

पिंपभर

काढू नका.

काल रात्री नवऱ्याला हा धागा वाचायला दिला. नाइट शिफ्ट यांच्या दुधापाशी तो थांबला. रविवारचं पाणी तो भरणार आहे. पहिली धार किती वेळ सोडायची, हंडा आधी की पिंप, हे त्याला माहीत नाही. अकरा वर्षं त्याच घरात राहतोय. या रविवारी शेजारी उभं राहून दाखवते, पुढच्या रविवारी मी झोपणार.