वायफायच्या काठ्या पूर्ण, नेट मात्र ठप्प: तुमचे अनुभव

ओसरी:
काल शेजारच्या काकू फोन घेऊन आल्या. वायफाय फुल्ल आणि बाजूला ते इवलंसं उद्गारचिन्ह. २०२०चं लॉकडाऊनच आठवलं. गावी होतो. बाबांच्या फोनवर पेन्शनचं पान उघडेना. कुठलीही साइट लावा, 'कनेक्शन सुरक्षित नाही'. त्याच वायफायवर माझा फोन झकास. राऊटर बंद-चालू करून झाला, पासवर्ड परत टाकून झाला. शेवटी आई म्हणाली, "अरे, ह्यांच्या फोनात जानेवारी कशी?" बॅटरी पार उतरल्यावर तारीख मागे गेलेली, आणि सिमला रेंज नाही म्हणून आपोआप सुधारेना. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते, फोन मागच्याच सालात असेल तर त्याला ते खोटंच वाटणार. तारीख हाताने टाकली, लगेच पान उघडलं. आई अजून ऐकवते. तुमचेही किस्से येऊ द्या.

मीठभाकर:
फरगेट नेटवर्क, परत पासवर्ड. माझं तरी एवढ्यावर भागतं. कुकर लागलाय, नंतर येते.

जांभाचिरा:
माहेर मालवणचं, जांभ्याच्या जाडजूड भिंती. भावाने हौसेने वायफाय ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर लावून दिलं, माजघरात गेलं की गायब! २.४ वर घेतलं. वेग कमी, पण परसापर्यंत येतं. राऊटर लोखंडी कपाटामागे ठेवू नका. आणि वानरं केबल तोडतात त्यावर कुणाकडे उपाय आहे का?

अर्धापुणेकर:
@जांभाचिरा वानरांना पासवर्ड देऊन टाका, केबलला हात लावणार नाहीत 😄

कढीलिंब:
२.४ वर असाल तर मायक्रोवेव्हवर लक्ष ठेवा, तोही त्याच पट्ट्यात चालतो. आमचा राऊटर ओट्याच्या भिंतीलाच. मी दूध तापवायला लावलं की लेकीचा क्लास अडकायचा. आतून हाक, "आई, दूध थांबव!" आता गॅसवरच तापवते, सायही जाड येते.

रूमनंबरसात:
आमच्या होस्टेलला फोनचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवर फोन ओळखायचा क्रमांक, नोंदवावा लागतो. मी 'अबाउट फोन'मधला दिला. नोंद झाली, तरी नेट नाही. रेक्टर म्हणतात तुझा फोनच बाद. अँड्रॉइड १० पासून फोन नव्या नेटवर्कला खरा पत्ता दाखवतच नाही, बनवलेला देतो. त्या वायफायच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन 'डिव्हाइस मॅक' निवडलं, झालं. आयफोनवाल्यांनी 'प्रायव्हेट ॲड्रेस' बघा.

मीठभाकर:
आले. @रूमनंबरसात जेवण कसं आहे रे होस्टेलचं?

रूमनंबरसात:
नेट बरं म्हणायचं.

डाऊनफास्ट:
मुंबई सेंट्रलला २०१६ च्या जानेवारीत फुकट वायफाय आलं तेव्हा आम्ही गाडी सोडून तिथंच बसायचो. अलीकडे स्टेशनवर ओटीपीचं पानच येईना. पोराने जाहिराती अडवायला फोनात प्रायव्हेट डीएनएस (साइटचे पत्ते शोधून देणारी वेगळी सेवा) घालून ठेवलेला. तो 'ऑफ' केला, पान आलं. व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरवरून फिरवणारं ॲप) असेल तर तोही तेवढ्यापुरता बंद करा.

ओसरी:
काकूंचं अजून तसंच आहे हो. नेटवर्क सेटिंग रीसेट करू का? फोटो जातील म्हणून घाबरल्यात.

रूमनंबरसात:
फोटो राहतात. वायफायचे सगळे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात. आधी दुसरा फोन त्याच वायफायला लावून बघा, त्यावरही नसेल तर कनेक्शनवाल्याला फोन करा.

जांभाचिरा:
@कढीलिंब साय जाड म्हणजे म्हशीचं का? माझं विरजण पावसाळ्यात लागतच नाही.

कढीलिंब:
म्हशीचंच. दूध कोमट असतानाच लाव, गारठा असेल तर विरजण जरा जास्त घाल.