तलंगा अंड्यावर कधी येणार? घणसोलीत ५ पाळल्यात, सल्ला हवाय

खाडीकाठची
मंडळी, घणसोली गावात सासरचं जुनं घर आहे, मागे थोडी मोकळी जागा, तिथे ५ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) पाळल्यात. गणपतीच्या आधी बाजारातून आणल्या तेव्हा विकणारा म्हणाला दोन महिन्यांच्या आहेत, अस्सल गावरान, आता डिसेंबर अर्धा संपत आला तरी अंड्याचा पत्ता नाही. खातात मात्र दणकून, सकाळी तांदळाची कणी, दुपारी उरलेला भात-चपाती, संध्याकाळी परत दाराशी हजर. दोघींचा तुरा आत्ता कुठे लाल व्हायला लागलाय, बाकीच्या तिघी फिकटच. सासूबाई म्हणतात धीर धर, नवरा म्हणतो ३१ डिसेंबरला रस्सा करू 😐 खाद्य कोणतं देऊ, कोंबडा आणावा लागेल का, खुराड्यात अजून काय हवं, सगळं सांगा.

बाळकुमचा बाळ्या
कोंबडा नको ताई, त्याच्याशिवाय अंडी येतात, फक्त पिल्लं निघत नाहीत. पहाटे चारला आरवून बिल्डिंगवाल्यांशी भांडणं लावून देईल ते वेगळंच. बाकी पाचही तलंगाच आहेत ना ते एकदा बघा, शेपटीत लांब वाकडी पिसं आणि कमरेवर टोकदार चकचकीत पिसं दिसली तर त्याच्याकडून अंड्याची आशा सोडा.

येऊरची मावशी
अगं सासूबाईंचं बरोबर आहे. पोल्ट्रीतल्या बीव्ही-३०० सारख्या पांढऱ्या कोंबड्या १८-२० आठवड्यांत सुरू होतात, ते ऐकून लोकं गावरानची घाई करतात. गावरान सहा महिने तरी धर, सातवा पण लागतो कधीकधी. त्यात हे दिवस लहान, आपल्याकडे डिसेंबरात उजेड जेमतेम अकरा तास, आणि कोंबडीला भरपूर अंडी घालायला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. घाईच असेल तर खुराड्यात एक छोटा पिवळा बल्ब लाव, पण पहाटेचा लाव, रात्री नको, कारण रात्री फट्कन बंद केलास तर त्या दांडीवर चढायच्या आत आंधळ्यासारख्या चाचपडत बसतात. वेळ पण एकदम नाही, हळूहळू वाढव. मी तर काहीच लावत नाही, संक्रांतीनंतर दिवस मोठा होतो तशा आपोआप सुरू होतात.

आणि तो भात-चपाती कमी कर बाई. चरबी धरतात नुसत्या. थोडी सुकट किंवा जवळा दे, आधी पाण्यातून काढून मीठ घालव, मग बघ कशा तुटून पडतात.

दिवाळे_कोळी
शिंपल्यांचा चुरा चालू करा लगेच, कॅल्शियम मिळालं की अंड्याचं कवच पक्कं होतं, आमच्याकडे सगळे देतात.

येऊरची मावशी
दादा, द्यायचा पण खाद्यात मिसळून नाही. अंड्यावर नसलेल्या तलंगेच्या पोटात जास्त कॅल्शियम गेलं तर तिच्या मूत्रपिंडावर ताण येतो. लेअर फीडमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात, साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, वाढत्या तलंगांच्या ग्रोअर खाद्यात एक टक्का वगैरे, उगाच नाही वेगळं बनवत. तिसऱ्यांचे शिंपले उकळून वाळवून जाडसर कुटायचे आणि वेगळ्या वाटीत ठेवायचे, जिला हवं ती टोचते, बाकीच्या ढुंकून बघत नाहीत.

दिवाळे_कोळी
हां वाटीत वेगळं ठेवलं तर चालेल, आमची आजी पण तसंच ठेवायची. मिसळायचं मी कुठे म्हणालो 😄

खाडीकाठची
मावशी, लाल तुऱ्यावाली एक पाठीला हात लावला की पंख थोडे उघडून खाली दबून बसते, हे काय?

बाळकुमचा बाळ्या
अहो मग आलीच ती! हे सगळ्यात पक्कं लक्षण. अजून खात्री हवी तर रात्री दांडीवरून अलगद उचला आणि शेपटीखाली जी दोन टोकदार हाडं लागतात त्यांच्यामधे बोट ठेवून बघा. एकच बोट मावलं तर वेळ आहे, दोन-तीन मावली तर जवळ आलीय किंवा घालतेय पण.

घालतेय पण म्हणतोय कारण मोकळ्या सोडलेल्या तलंगा लपून घालतात. पत्र्याच्या आड, जुन्या टायरमधे, लाकडांच्या ढिगात शोधा. आणि खुराड्यात अंधाऱ्या कोपऱ्यात पेंढा घातलेलं खोकं ठेवा, त्यात पिंगपाँगचा बॉल टाका, अंडं समजून तिथेच बसतात. अंडी बहुतेक सकाळीच येतात, म्हणून थोडे दिवस अकरापर्यंत बाहेर सोडू नका.

खाडीकाठची
आत्ता जाऊन बघितलं, पाण्याच्या टाकीमागे पाचोळ्यात एक अंडं!!! लिंबाएवढं आहे, कवचाला थोडं रक्त लागलंय. आजारी तर नाही ना ती?

येऊरची मावशी
नाही गं, पहिल्या अंड्याला लागतं कधीकधी. पहिली अंडी लहानच असतात, एखादं बिनकवचाचं पण येईल, घाबरू नको. रोजच लागत राहिलं तर मात्र जनावरांच्या डॉक्टरला दाखव. आणि बाकीच्या पण अंड्यावर आल्या की लेअर मॅश (लेअर फीडचा भरडा) आणायला हरकत नाही, पण ५० किलोची गोणी स्वस्त पडते म्हणून घेऊ नकोस, पाच कोंबड्या कधी संपवणार, खाडीच्या दमट हवेत बुरशी धरते आणि बुरशीचं खाद्य अजिबात घालायचं नाही. सुटं पाच-पाच किलो आण, झाकणाच्या डब्यात ठेव.

दिवाळे_कोळी
आणि नवऱ्याला सांगा रश्श्याला बाजारातून आणायची 😂