लोकेशनची पिन कोणी हलवायची: ड्रायव्हरने की ऑफिसने?

डिस्पॅचवाला: पत्ता टाकला की रूट प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर अक्षांश-रेखांश आपोआप काढतं. पिन पडते इमारतीच्या मधोमध आणि माल उतरवायचं गेट असतं मागच्या गल्लीत. माझं म्हणणं सरळ आहे: ड्रायव्हर गेटवर उभा असताना त्याने बटण दाबावं, तेच लोकेशन कायम. ऑफिसात बसून पिना सरकवणं बंद करा.

शीटवाली (ग्राहकांच्या पत्त्यांचं आणि वेळांचं शीट सांभाळणारी): साफ अमान्य. बटण गेटवरच दाबलं जातं कशावरून? आमच्याकडे हा प्रयोग झालाय. गाडी सुटल्यावर आठवण व्हायची आणि पिन पुढच्या सिग्नलवर! ड्रायव्हरने सुचवावं जरूर, पण चार-पाच फेऱ्यांत गाडी खरी कुठे थांबली ते जीपीएसवर बघूनच मास्टरमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या मूळ यादीत, बदल व्हावा.

डिस्पॅचवाला: तोवर ड्रायव्हरने घिरट्या घालायच्या? आणि ऑफिस तरी काय दिवे लावतं! कुणीतरी शीट 'नीटनेटकं' करायला अक्षांश-रेखांशात दशांशाची दोनच स्थळं ठेवली. दोन स्थळं म्हणजे अक्षांशात साधारण १.१ किलोमीटरची पायरी. पाच ठेवली तर तीच १.१ मीटर होते.

शीटवाली: ते कबूल. पण असली चूक नकाशा उघडला की लगेच दिसते. रिकामा रकाना शून्य-शून्य धरला गेला तर थांबा थेट आफ्रिकेजवळच्या समुद्रात. जिओजेसन या नकाशाच्या फाइल-प्रकारात रेखांश आधी लागतो, त्यातली उलटापालटही बहुतेक वेळा अशीच उघडी पडते. सिग्नलवरची पिन मात्र दिसायला अगदी शहाणी असते.

रात्रपाळी: पिनेवरून काय भांडताय? आमचे हाल वेळेने केलेत. दुकान ९ ते २१ उघडं, पण माल घेतात १० ते १२. शीटमध्ये भरलंय ९ ते २१. गाडी १५ वाजता दारात, परत पाठवली. २२ ते ६ अशी वेळ टाकली तर आमची सिस्टीम 'शेवट सुरुवातीच्या आधी' म्हणून नाकारते, मग लोक वैतागून ० ते २४ ठोकून देतात.

डिस्पॅचवाला: मध्यरात्रीवर दोन तुकडे करा, २२ ते २४ आणि ० ते ६.

शीटवाली: तुकडे ठीक, पण वार विसरू नका. सोमवारी रात्रीचा दुसरा तुकडा मंगळवारी जातो. आणि १० ते १२ सगळ्यांनाच लावू नका, प्रत्येक ग्राहक 'सकाळीच या' म्हणतो. खरंच गेट बंद होत असेल तिथेच कडक वेळ, बाकीच्यांची वेळ सैल सोडा, उशिराचा दंड फक्त सॉफ्टवेअरच्या रूटच्या हिशेबात धरा.

रात्रपाळी: आणि गेट खरंच बंद होतं का, हे कोण सांगणार? ड्रायव्हरच ना?