विषय: बेसमेंटचा फोम कुठे थांबवायचा? (वाळवीची तपासणी)

नमस्कार मंडळी,
बेसमेंटच्या भिंतींना आतून २ इंची एक्सपीएस फोम (थंडी अडवणाऱ्या कडक पाट्या) लावायचा आहे. ठेकेदार म्हणतो, थेट वरपर्यंत लावू आणि रिम जॉइस्टवर (भिंतीच्या वर, मजल्याच्या कडेने उभी असलेली लाकडी फळी) स्प्रे फोम मारू. वाळवी तपासायला आलेले गृहस्थ म्हणतात, वर ३ इंच भिंत उघडी ठेवा. कोणाचं ऐकावं? आणि त्या पट्टीतून थंडी आत येणार, त्याचं काय?

---

उत्तर:

तपासनिसाचं ऐका. वाळवी फोम खात नाही, पण सहज पोखरते. उघड्या काँक्रीटवरून चढताना तिला पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी बांधावी लागते, आणि ती टॉर्चच्या उजेडात लगेच दिसते. फोमच्या मागून चढली, तर सिल प्लेट (भिंतीच्या माथ्यावर आडवी बसवलेली लाकडी फळी) पोकळ झाल्यावरच पत्ता लागतो.

सिल प्लेटच्या खालच्या कडेपासून ३ इंच खाली सगळीकडे रेघ मारा आणि फोम तिथेच थांबवा. ड्रायवॉलही (वरून लावायच्या जिप्समच्या पाट्या) तिथेच. फोमवर आगीसाठी अर्धा इंची ड्रायवॉल लागतोच, आणि पुष्कळदा फोम रेघेवर थांबतो पण वरून ड्रायवॉल छतापर्यंत जातो. मग पट्टी सोडून काय मिळवलं?

फोमच्या वरच्या कडेला, भिंतीलगत, गोंदाची सलग रेघ हवी. नुसते ठिपके दिले, तर खोलीतली उबदार हवा फोममागे शिरते, गार काँक्रीटला घाम फुटतो आणि वाळवीला हवी ती ओल आयती मिळते. गोंद फोमसाठीचाच घ्या. सॉल्व्हंटवाल्याने एक्सपीएस विरघळतो. पाट्यांच्या सांध्यांवर टेप.

स्प्रे फोम लाकडाला असा चिकटतो की पुन्हा लाकूड दिसत नाही. त्याऐवजी २ इंची फोमचे तुकडे दोन तुळयांमधल्या प्रत्येक गाळ्याच्या मापापेक्षा चारही बाजूंनी पाव इंच लहान कापा, रिम जॉइस्टला टेकवून बसवा आणि कडेच्या फटीत डब्यातला फोम भरा. तो सुरीने कापून तुकडा काढता येतो. हिशोब बघा: २×६ ची सिल प्लेट (नावाला ६, प्रत्यक्षात) साडेपाच इंच रुंद, त्यातले दीड इंच रिम जॉइस्टखाली, २ फोमखाली. उरलेले २ इंच लाकूड डोळ्यांसमोर राहतं, टोकदार स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघता येतं.

थंडीबद्दल: ८ फुटी भिंतीत ३ इंच म्हणजे जेमतेम ३ टक्के. पण भिंतीचा तोच भाग जमिनीच्या वर असतो, म्हणून सगळ्यात गार. तिथे फोमची सुटी पट्टी घट्ट दाबून बसवता येईल. गोंद लावायचा नाही. मात्र तपासनिसाला आधी विचारा आणि दर तपासणीला ती काढा. फायबरग्लास कोंबू नका, त्यातून हवा जाते आणि मागे पाणी धरतं.

---

थोडी भर:

वरचं सगळं ओतीव काँक्रीटला लागू. भिंत पोकळ ब्लॉकची असेल, तर वाळवी आतल्या पोकळीतूनच वर जाते आणि उघड्या पट्टीवर काहीच दिसत नाही. वरचा थर काँक्रीटने भरून बंद आहे का, हे आधी बघा. नाहीतर सिल प्लेटखाली पत्र्याची ढाल लागते. सांधे बंद हवेत आणि आतली कड खाली वाकवलेली. ढाल वाळवीला अडवत नाही, वळसा घालायला लावते. नळी त्या वळशावर दिसते.

बाहेरून लावायचा विचार आलाच, तर अमेरिकेतल्या आयआरसी या घरबांधणीच्या संहितेत वाळवीचा 'व्हेरी हेवी' म्हणजे सगळ्यात जास्त धोक्याचा पट्टा आहे (फ्लोरिडा, जॉर्जिया, लुइझियाना वगैरे). तिथे जमिनीखाली बाहेरून फोम लावायला बंदी आहे, थोडे अपवाद सोडता. जमिनीच्या वर लावलेल्या फोमची खालची कड मातीपासून किमान ६ इंच उंच हवी. बागेची माती आणि मल्च (झाडांभोवती पसरलेला लाकडाचा भुगा) दरवर्षी चढत जातं, तेव्हा मोजताना मल्चच्या वरून मोजा.

---

आभार. भिंत ओतीव आहे. स्प्रे फोम रद्द केला. ठेकेदाराला रेघ मारून दाखवतो, ड्रायवॉलसकट.